बोयाचा काटा बरोबर आहे ना?

सोयगावहून समुद्र सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर लांब. तरी आपल्याच तालुक्यातल्या अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे, सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेतलं. त्या काळच्या तांडेलाला लाट कुठून येते हे नजरेनंच ओळखावं लागे. आज ते काम बोया करतो.

बोया म्हणजे पाऊण-एक मीटर व्यासाचा तरंगता गोळा, लवचीक दोरानं तळाशी बांधलेला. लाटेबरोबर तो वर-खाली होतो, तसाच पुढे-मागेही सरकतो. माथ्यावर पाणी लाटेच्या दिशेनं जातं, खळग्यात उलट. आतली यंत्रं ही हालचाल टिपतात, होकायंत्र उत्तर सांगतं आणि दोन्हींवरून लाटेची दिशा निघते.

पण यंत्र खरं बोलतं कशावरून? कापूस विकायला नेला की आपण आधी काट्यावरचा शिक्का पाहतो. बोयाचंही तसंच. समुद्रात सोडण्यापूर्वी त्याला जत्रेतल्या पाळण्यासारख्या उभ्या चाकावर बसवून सावकाश फिरवतात. चाकाचा व्यास ठाऊक असतो, बोयानं तेवढीच उंची सांगायला हवी. मग होकायंत्राची पाळी. लोखंडापासून लांब, मोकळ्या जागी बोया ठरावीक अंशांनी वळवायचा आणि त्याचं उत्तर ताडून पाहायचं.

चार-पाच अंशांनी काय बिघडतं? पुष्कळ बिघडतं. रत्नागिरीचा किनारा साधारण पश्चिमेकडे तोंड करून आहे. किनाऱ्याशी येईपर्यंत लाटा वळून जवळजवळ समोरून येतात. लाट किंचित दक्षिणेकडून आली तर वाळू उत्तरेला सरकते, किंचित उत्तरेकडून आली तर दक्षिणेला. होकायंत्र थोडं चुकलं, तर कागदावर वाळूचा प्रवासच उलटा होऊ शकतो. त्या भरवशावर बंधारा बांधला, तर मच्छीमारांच्या होड्यांची वाट गाळानं बुजायची.

१९९९ साली हैदराबादला स्थापन झालेलं 'इन्कॉइस' हे केंद्र लाटांचे अंदाज देतं. ते खरे उतरले की नाही, हेही बोयांच्या नोंदींशीच ताडतात. म्हणजे मापच खोटं असेल, तर चूक पकडणार कोण?

उंचीतली चूक किनाऱ्यावरच्या माणसाच्या लवकर लक्षात येते. दिशेतली वर्षांनी, वाळू साचल्यावर. काट्यावरच्या शिक्क्याला मुदत असते. बोयावर तर शेवाळ आणि शिंपले चढतात. म्हणून तो बाहेर काढून, साफ करून, पुन्हा तपासावा लागतो.