रंगाखालचे लोखंड



गंज हा विषय वसंत व्याख्यानमालेला शोभेल काय, अशी शंका काही स्नेह्यांनी आमच्याजवळ बोलून दाखविली. आमचे उत्तर एवढेच की, येथून घरी परतताना आपल्यापैकी पुष्कळांना एखादा पूल ओलांडावयाचा आहे.

लोखंड पाण्याने गंजते असे आपण सहज म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. पाणी उकळून त्यातली हवा घालविली, त्यात खिळा टाकला आणि बाटलीचे बूच घट्ट बसविले, तर खिळा दीर्घकाळ चकचकीत राहतो. अगदी कोरड्या हवेतही तो तसाच राहतो. पाणी आणि प्राणवायू यांची गाठ पडली म्हणजे काम सुरू होते, आणि त्यात मीठ मिसळले की त्या कामाला ऊत येतो.

केंब्रिजच्या इव्हान्स या शास्त्रज्ञाने हे एका थेंबावर दाखविले. पोलादाच्या स्वच्छ पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा थेंब ठेवावा. थेंबाच्या कडेशी हवा सहज पोचते, मध्यभागी पोचत नाही. कोणालाही वाटेल की, हवा जेथे अधिक तेथे लोखंडाची झीज अधिक. घडते नेमके उलट! खड्डा पडतो तो मध्यभागी, आणि कड शाबूत राहते. तेवढ्याशा थेंबात विजेचा एक घट तयार झालेला असतो. मध्यभागचे लोखंड विरघळते, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन धातूतून कडेकडे जातात, तेथे प्राणवायू त्यांना उचलतो. आणि तांबूस गंज साचतो तो या दोहोंच्या मधल्या कड्यात. म्हणजे गंज दिसतो एके ठिकाणी आणि लोखंड खाल्ले जाते दुसरीकडे. बोल्टच्या टोपीखाली, दोन पट्ट्यांच्या फटीत, जेथे ओल शिरते पण हवा पुरेशी शिरत नाही, तेथे धातू पोखरला जातो तो याच न्यायाने.

मग उपाय काय? झाकणे, हे तर उघडच आहे. परंतु झाकणाला भोक पडले तर काय होते, हा खरा प्रश्न आहे, कारण भोक हे पडावयाचेच. लोखंडावर कथलाचा मुलामा असलेला डबा घ्या. मुलामा अखंड आहे तोवर उत्तम. बाहेरून एक ओरखडा पडला आणि तेथे ओल आली की, कथील सुखरूप राहते आणि उघडे पडलेले लोखंड एकटे सर्व मार खाते. अगदी उघड्या पत्र्याहूनही जलद. जस्ती पत्र्याचे याच्या उलट आहे. जस्त हे लोखंडापेक्षा लवकर विरघळणारे. ओरखडा पडला तरी आजूबाजूचे जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचविते. आपल्या जुन्या बादलीवर पांढरी भुकटी दिसते ती या झिजण्याची. जस्त संपले की मगच तांबूस डाग उमटू लागतात.

ही युक्ती हम्फ्री डेव्हीने १८२४ साली ब्रिटिश आरमारासाठी सुचविली होती. जहाजांच्या लाकडी बुडावर ठोकलेले तांब्याचे पत्रे समुद्रात झिजत. डेव्हीने त्यांना जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडले आणि तांब्याची झीज थांबली. पण गंमत अशी की, झिजणाऱ्या तांब्याचे विष पाण्यात मिसळत होते म्हणूनच बुडावर शिंपले चिकटत नव्हते. झीज थांबताच शिंपल्यांचे थर चढले, जहाजे मंदावली, आणि ती योजना गुंडाळावी लागली. शास्त्र मात्र खोटे ठरले नाही. आज पोलादी जहाजांच्या बुडाला जस्ताचे ठोकळे लावतात ते डेव्हीच्याच मार्गाने.

आता रंगाकडे येऊ. रंग म्हणजे लोखंडाचे छत्र, अशी आपली समजूत. वस्तुतः रंगाच्या पापुद्र्यातून बाष्प हळूहळू आत जातच असते. म्हणून पहिला हात हा केवळ झाकणारा नसून गंजाला अडविणारा असावा लागतो. पूर्वी या कामी जवसाच्या तेलात घोटलेला शेंदूर वापरीत. देवाला लावतो तो शेंदूरच, म्हणजे शिशाचे ऑक्साइड. काम उत्तम, पण पदार्थ विषारी. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर १ नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्षात ९० भाग ही मर्यादा आहे. पुलांसारख्या मोठ्या कामांवर आता जस्ताची पूड भरपूर असलेला पहिला हात, त्यावर इपॉक्सी, अशी रीत रूढ आहे.

पण डब्यावरचे नाव कितीही मोठे असो, रंगाचे आयुष्य ठरते ते रंग लावण्यापूर्वी. येथे आम्हांला कल्हईवाल्याची आठवण होते. ताक कळकू नये म्हणून पितळेच्या पातेल्याला तो कथील लावतो. पण त्याचे निम्मे कसब कथील हाती घेण्यापूर्वीच खर्च होते. भांडे घासतो, तापवितो, नवसागराची पूड टाकतो. पांढरा धूर निघतो तेव्हा धातूवरचा मळकट थर सुटत असतो. एवढे झाल्यावरच कथील पसरते. नाहीतर त्याचे नुसते थेंब होऊन घरंगळतात. कथील कल्हईवाल्याची चूक तिथल्या तिथे उघडी पाडते. रंगाच्या अंगी हा प्रामाणिकपणा नाही. तो गंजावर बसतो, धुळीवर बसतो, कारखान्यातून आलेल्या निळसर काळ्या पापुद्र्यावरही बसतो, आणि पहिले वर्षभर सुंदर दिसतो. कोकणपट्टीत तर लोखंड गोड्या पाण्याने न धुता रंगविले की, खाली अडकलेले मीठ पापुद्र्यातून पाणी ओढून घेते आणि रंगाला फोड येतात. शिवाय ओला रंग धारदार कडेवरून मागे सरतो. कडा आणि बोल्ट यांना आधी ब्रशने वेगळा हात द्यावा लागतो. हे सारे वेळखाऊ काम. वरून हात फिरवला की ते झाले की नाही हे कोणालाही दिसत नाही. रंग दिसतो, तेव्हा बिल रंगाचे होते. आमच्या मते, लोखंड घासून झाल्यावर आणि रंगाचा डबा उघडण्यापूर्वी कोणी तपासनिसाने सही केली पाहिजे. अखेरच्या हातानंतरची सही फारशी कामाची नाही.

सहा मिलिमीटरची पट्टी दोन्ही बाजूंनी एकेक मिलिमीटर खाल्ली गेली, तर तिसरा हिस्सा गेला. पुलाचे वजन पेलण्याचे गणित मात्र कागदावर सहाचेच राहते. गोव्यातील मांडवीचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा काँक्रीटच्या पोटातील ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. बाहेरून ते कोणाला दिसणार? १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला आणि चार माणसे गेली. पुलावर गर्दी फार होती असे सांगितले गेले, आणि पूल गंजून जीर्ण झाला होता असेही. आम्हांला ही दोन वेगळी कारणे वाटत नाहीत. किती गर्दी ‘फार’ हे उरलेले लोखंडच ठरविते.

पावसाळा दीड-दोन महिन्यांवर आला आहे. आपल्या घराच्या गॅलरीचा कठडा उद्या जरूर पाहावा. मधले गज सोडून द्या; ते वाऱ्याने वाळतात. खांब लादीत जेथे शिरतो तेथे पाणी साचते आणि रंगाऱ्याचा ब्रश नेमका तेथेच थांबतो. तेथे छोट्या हातोडीने हलकेच ठोकावे. खणखणीत आवाज आला तर घासून रंग द्यावा. बद्द आवाज आला किंवा खपली सुटून पडली, तर रंगाऱ्याला परत पाठवावे, लोहाराला बोलवावे, आणि तो येईपर्यंत मुलांना त्या कठड्याला टेकू देऊ नये.