उन्हाळ्याची सुट्टी आणि चित्रांचा तक्ता

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रतिवर्षी या व्यासपीठावरून आम्ही आपणांस खाटांची संख्या, निर्धन रुग्ण निधीचा विनियोग आणि वर्षाचा जमाखर्च सादर करतो. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. औषधोपचारांपेक्षा पावत्या आणि ताळेबंद आमच्या अधिक परिचयाचे. ते आकडे या अहवालात अन्यत्र आहेतच. आज मात्र चिरंजीव आणि सूनबाई यांच्या संमतीने आमच्या स्वतःच्या घरातील दोन उन्हाळ्यांचा हिशेब आपल्यापुढे ठेवण्याची अनुज्ञा असावी.

आमचा नातू आज सहा वर्षांचा आहे. त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे. दोन वर्षांचा झाला तरी तो नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नसे, हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नसे, आणि बाटल्यांची झाकणे एका ओळीत मांडण्यात तासन्‌तास रमत असे. सूनबाईंच्या मनात शंका होती. पण घरातील वडीलकीच्या अधिकाराने आम्ही 'मुलगे उशिराच बोलतात, थोडे थांबू' असा निर्णय दिला. आमच्या कार्यालयाचा जिना बालविकास विभागाच्या दारावरून जातो. त्या दारावरून आम्ही रोज गेलो, आणि एक वर्ष गमावले. हा खर्च आमच्या नावे मांडलेला आहे, आणि तो तसाच मांडणे आम्हांस उचित वाटते.

निदानानंतर नातू एका लहान शाळेत जाऊ लागला, आणि आठवड्यातून दोन तास त्याचे उपचार सुरू झाले. मग आला दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. शाळा बंद झाली, उपचारही थांबले. 'बाळाला जरा विश्रांती मिळेल, मनाप्रमाणे खेळू दे' असे आम्ही म्हटले. ज्याला आपण मोकळीक म्हणतो ती या मुलांना पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटू शकते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. पुढे काय होणार हे न कळल्याने त्याची झोप उडाली. तो दिवसभर दाराशी दप्तर घेऊन उभा राही आणि रडे.

बदल म्हणून आम्ही त्याला कोल्हापूरहून आंबा घाटमार्गे संगमेश्वर तालुक्यातील आमच्या मूळ गावी नेले. घर पाहुण्यांनी भरलेले, प्रत्येकाला मुलाला कडेवर घ्यायचे, ओटीवर फणस फोडलेला, आत मिक्सरचा आवाज. त्याने दोन्ही कानांवर हात दाबून किंकाळ्या फोडल्या. दुपारी पंगत बसली असता तो कधी निसटला, कोणास कळले नाही. जो तो समजत होता की मुलगा दुसऱ्या कोणाजवळ आहे. परसात काम करणाऱ्या मावशींना तो विहिरीच्या पायऱ्यांवर, पाण्यात पाय सोडून बसलेला आढळला. स्वतःशीच काही गुणगुणत होता. यापैकी अनेक मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते, मात्र धोक्याची जाणीव नसते, आणि ती न सांगता घराबाहेर पडतात. ही गोष्ट वैद्यकशास्त्रास पूर्ण परिचित आहे. आमच्या घरात ती कोणी विचारलीच नव्हती.

दुसऱ्याच दिवशी आम्ही परतलो. गाडीत सूनबाई एवढेच म्हणाल्या, "बाबा, आता पुन्हा कुठेही नको." त्या वाक्यात त्यांचा पुढील सर्व उन्हाळ्यांविषयीचा निर्णय होता, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांपैकी कोणासही नव्हता.

गतवर्षी मार्च महिन्यात आम्ही घरचे सर्वजण आपल्याच रुग्णालयातील व्यवसायोपचार तज्ज्ञ आणि वाचा-उपचार तज्ज्ञ यांच्यासमोर बसलो. त्यांनी मांडलेला हिशेब आमच्यासारख्या माणसाला तत्काळ पटणारा होता. आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट, त्यांपैकी त्यांच्या हाती दोन. उरलेले एकशे सहासष्ट घराचे. घरातले तास कोरे राहिले, तर दोन तासांची पुंजी कितीशी पुरणार?

त्यानंतर आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक तक्ता लागला. उठणे, दात घासणे, न्याहारी, फिरणे, पाण्याचा खेळ, जेवण, झोप अशा प्रत्येक गोष्टीचे छायाचित्र त्यावर क्रमाने चिकटवलेले असे. एक गोष्ट संपली की नातवाने ते चित्र काढून खालच्या डब्यात टाकायचे. बोललेला शब्द हवेत विरतो, चित्र मात्र जागेवर राहते, हे त्यामागचे साधे तत्त्व. काही बदल होणार असेल तर आदल्या संध्याकाळी चित्र बदलून त्याला दाखवावयाचे, असा नियम झाला.

सकाळी रंकाळ्यावर गर्दी होण्यापूर्वी आम्ही त्याला फिरवून आणू. नंतर तो अर्धी भरलेली छोटी बादली उचलून कुंड्यांना पाणी घाली. असे ओझे उचलण्याचे काम त्याला शांत करते, हे तज्ज्ञांनी त्याच्या निरीक्षणावरून सांगितले होते. प्रत्येक मुलास हेच मानवेल असे नाही. गच्चीत टबात पाणी आणि मापाची भांडी ठेवली जात. तेथे एक मोठे माणूस हाताच्या अंतरावर बसलेच पाहिजे, आणि त्या वेळी त्या माणसाने भ्रमणध्वनी हाती घ्यावयाचा नाही, हा नियम आम्ही स्वतःवरच घातला.

मे महिन्यात आमच्या सौभाग्यवतींनी नेहमीप्रमाणे वाळवणे काढली. साबुदाण्याच्या चिकवड्या घालताना नातू जवळ येऊन उभा राहिला. चिकट पदार्थाला तो स्पर्शही करीत नसे, म्हणून त्यांनी त्याच्या हाती पळी दिली. प्लास्टिकच्या कागदावर त्याने पहिली चिकवडी घातली, तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी. दोरी लावून आखल्यासारखी सरळ ओळ! झाकणे मांडणारा तोच हात. जी सवय मोडावी म्हणून आम्ही दोन वर्षे झटत होतो, तिला घरात काम मिळाले. त्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवरील सर्व चिकवड्या त्याने घातल्या. पुढे पुढे पळीला लागलेला साबुदाणा तो एका बोटाने पुसूही लागला.

गावी जाण्याचा विषय सूनबाईंनीच पुन्हा काढला. या वेळी तयारी मात्र निराळी होती. प्रथम आम्ही त्याला एस.टी. स्थानकावर नेऊन केवळ गाड्या दाखविल्या, नंतर उभ्या गाडीत बसविले, आणि मग एका थांब्यापर्यंत प्रवास केला. गावचे घर, ओटी, झोपाळा, काकी-आजी यांच्या छायाचित्रांची एक वही केली. नातेवाइकांना दूरध्वनीवरून विनंती केली, की त्याला एकदम उचलू नये, चौघांनी मिळून हाका मारू नयेत, आणि तो दहीभातच खाईल, त्याबद्दल बोलू नये. आतली एक खोली त्याच्यासाठी रिकामी ठेवली. आम्ही पोहोचण्यापूर्वीच धाकट्या बंधूंनी विहिरीस कठडा आणि कडीचे दार बसवून घेतले. दिवसाचे तास वाटून प्रत्येक तासाला एकाचे नाव लिहिले. सर्वांचे लक्ष म्हणजे कोणाचेच लक्ष नव्हे, हा धडा आम्ही विहिरीच्या काठी शिकलो होतो.

आम्ही पाच दिवस राहिलो. सारे सुरळीत झाले असे सांगणे असत्य ठरेल. शेजारच्या लग्नातून दहा मिनिटांत उठावे लागले, आणि एका रात्री तो दोन वाजेपर्यंत जागा होता. परंतु झेल्याने आंबे उतरविताना तो झाडाखाली थांबला, आणि उतरविलेले आंबे त्याने ओटीवर एका ओळीत मांडले. त्या दिवशी कोणीही ती ओळ मोडली नाही.

नातवाची मोठी बहीण नऊ वर्षांची आहे. एका दुपारी तिने विचारले, "आजोबा, माझी सुट्टी कधी सुरू होणार?" त्या प्रश्नावर आमच्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून दर गुरुवारची संध्याकाळ तिची आणि तिच्या आईची ठरली. त्या वेळी नातू आमच्याकडे असतो. अशा घरातील दुसऱ्या मुलाचा आणि आईचा वेळही तक्त्यावर लिहावा लागतो, अन्यथा तो कधीच उरत नाही.

आता कार्यालयाचा हिशेब. बालविकास विभाग मे महिन्यात बंद ठेवण्याची प्रथा आपल्याकडे होती. उपस्थिती कमी, म्हणून वेतन आणि विजेची बचत, अशी टिप्पणी आम्हीच लिहिली होती आणि स्वाक्षरीही आमचीच होती. ज्या महिन्यात कुटुंबांना सर्वाधिक आधार हवा, त्याच महिन्यात आम्ही दाराला कुलूप लावीत होतो. विश्वस्त मंडळाच्या अनुमतीने आता हा विभाग मे महिन्यात चालू राहतो, आणि सुट्टी लागण्यापूर्वी पालकांना तक्ता करण्यास शिकविले जाते. देणगीदारांस विनंती, की यंत्रांसाठी आपण सढळ हस्ते देताच. त्यातील काही वाटा झोपाळा, चित्रे आणि उपचारतज्ज्ञांचे मानधन यांसाठीही द्यावा. या वस्तूंवर नावाची पाटी लागत नाही, परंतु त्यांचा उपयोग रोज होतो.

उपस्थित पालकांस थोडी माहिती. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत ती समाविष्ट आहे, त्यामुळे प्रमाणपत्र अवश्य काढावे. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमाछत्र मिळते. स्वमग्नता आईच्या वागण्याने होत नाही आणि लसींमुळेही होत नाही. लसीचा संबंध सुचविणारा १९९८ चा शोधनिबंध त्याच नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. ती बरी करण्याची हमी देणाऱ्यांपासून दूर राहावे. आणि मनात शंका असेल तर आमच्यासारखे थांबू नये.

शेवटी एकच सांगावयाचे आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच रविवारी नातवाने डबा उपडा केला, गावच्या घराचे छायाचित्र शोधून काढले, तक्त्यावर न्याहारीच्या पुढे लावले, आणि सूनबाईंचा हात धरून तेथे नेला. खाण्यापिण्याखेरीज काही मागण्याची ही त्याची पहिलीच वेळ. ज्या गावी पुन्हा जावयाचे नाही असे ठरले होते, तेच गाव त्याने मागितले.

आपणांसही कधी गाडीत वा मंगल कार्यालयात कानांवर हात ठेवून रडणारे मूल दिसेल. त्या वेळी त्याच्या वळणाविषयी विचारू नये. थोडी जागा द्यावी. तीही आम्ही आपली देणगीच समजू.