दुसरं गिऱ्हाईक

न्यूयॉर्कचे १८२६ सालचे महापौर फिलिप होन इतिहासकारांना प्रिय आहेत ते त्यांच्या रोजनिशीच्या २८ खंडांमुळे. मला मात्र आज त्यांच्या एका खरेदीबद्दल बोलायचं आहे.

१८२५ साल. हडसन नदीकाठचे डोंगर रंगवणाऱ्या २४ वर्षांच्या टॉमस कोलची तीन चित्रं एका दुकानाच्या खिडकीत लागली होती. ट्रम्बुल, डनलॅप आणि ड्यूरँड या तिघा कलावंतांनी प्रत्येकी २५ डॉलरला एकेक घेतलं. डनलॅपकडचं, वठलेल्या झाडांच्या तळ्याचं चित्र होन यांनी पाहिलं आणि ५० डॉलर मोजून घरी नेलं.

मंडईत सकाळी भाजीवाली म्हणते, ‘भवानीची वेळ आहे, तसेच जाऊ नका.’ पहिली नोट ती कपाळाला लावते. पण भवानी शेजारच्या गाळेवालीनंच केली, तर टोपली रिकामी होत नाही. मागून अनोळखी गिऱ्हाईक यावं लागतं. कोलची भवानी त्याच्याच व्यवसायातल्या माणसांनी केली. होन हे अनोळखी गिऱ्हाईक! सुताराचा मुलगा, लिलावाच्या धंद्यात श्रीमंत झालेला, चाळिशीतच धंदा सोडलेला. हाती कधी कुंचला न धरलेल्या माणसानं दुप्पट दाम दिला, तेव्हा कोलच्या चित्राला बाजारात किंमत आली.

वरचे २५ डॉलर कोलला मिळाले नाहीत. डनलॅप स्वतः तंगीत होते. ते पैसे चित्रकाराला द्यायला हवे होते, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. तरी चित्राला किंमत मिळवून देण्याचं होन यांचं काम झालंच होतं. हे पुन्हा सांगते, कारण आपण प्रदर्शनात तासभर रमतो, चित्रकाराला ‘वा!’ म्हणतो आणि हात हलवत घरी येतो. अहो, एखादं छोटं चित्र तरी घ्या! चित्रकार तरुण आहे, तोवर घ्या. होन यांनी कोलचं नाव होण्याची वाट पाहिली नव्हती.

व्हिग पक्षातलं त्यांचं राजकारण, १८३७ च्या मंदीत बुडालेला पैसा, कोळशासाठी काढलेला कालवा... त्या कालव्यावरच्या होन्सडेल गावाला त्यांचंच नाव आहे, पण वेळ संपत आली. ते तळ्याचं चित्र आता ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजच्या संग्रहालयात आहे. तिकडे कुणाची मुलं शिकायला असतील, तर त्यांना जरूर पाहून यायला सांगा.