समुद्राच्या पोटांतील चित्रशाळा

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर मार्सेय शहराजवळ मॉर्जिऊ नांवाचें एक भूशिर आहे. त्याच्या चुनखडीच्या कड्याखालीं, सुमारें ३७ मीटर खोल पाण्यांत, एका भुयाराचें अरुंद तोंड आहे. आंरी कोस्केर या पाणबुड्याला तें १९८५ सालीं सांपडलें. वर चढत जाणारें तें जलमय भुयार ओलांडलें, कीं अर्धवट कोरडी अशी विस्तीर्ण गुहा लागते. १९९१ सालीं तिच्या भिंतीवर, दिव्याच्या उजेडांत, माणसाच्या हाताची आकृति दिसली. हात खडकावर टेंकून भोंवतीं रंग फुंकून ती उमटविली होती. पुढें घोडे, गवे, सील आणि आतां नामशेष झालेला, उडतां न येणारा ऑक पक्षीहि आढळला.

समुद्रतळाशीं दार असलेल्या या घरांत चित्रकार शिरले तरी कसे? ते पायींच गेले! हिमयुगांत पृथ्वीवरील पुष्कळसें पाणी बर्फरूपानें जमिनीवर अडकलें होतें. समुद्र आजच्यापेक्षां सुमारें १२० मीटर खालीं होता. पुढें बर्फ वितळलें आणि दार बुडालें.

आज तेथें जाणाऱ्यास हवा पाठीवर वाहून न्यावी लागते. ३७ मीटरांवर एकूण दाब पृष्ठभागाच्या जवळजवळ पावणेपांच पट असतो. त्या प्रमाणांत टाकींतील हवाहि लवकर सरते. उघड्या समुद्रांत संकट आलें तर वर येण्याची वाट मोकळी असते. भुयारांत डोक्यावर खडक असतो. पायाच्या एका फटकाऱ्यानें तळचा गाळ ढवळला, कीं हातांतला दिवाहि निरुपयोगी होतो. म्हणून जाणते पाणबुडे तोंडापासून दोरी सोडीत जातात आणि हवेचे तीन भाग कल्पितात: एक जाण्यास, एक परतण्यास व एक संकटासाठीं राखून. १९९१ च्या सप्टेंबरांत याच भुयारांत तीन पाणबुडे मृत्युमुखीं पडले. त्यानंतर कोस्केरनें आपला शोध सरकारास कळविला व गुहेचें तोंड बंद करण्यांत आलें.

प्रारंभीं कांहीं विद्वानांनीं ही चित्रें बनावट ठरविलीं; परंतु कोळशाच्या परीक्षेनें त्यांचें प्राचीनत्व सिद्ध झालें. कांहीं चित्रें पंचवीस हजार वर्षांहून जुनीं आहेत. मार्सेयमध्यें २०२२ सालीं गुहेची प्रतिकृति लोकांस खुली झाली, ती केवळ सोयीसाठीं नव्हे. ज्या समुद्रानें दार लावून हा ठेवा सहस्रावधि वर्षें राखला, तोच आतां आंत वर चढत असून खालच्या भिंतींवरील चित्रें पुसूं लागला आहे. जें वांचविणें अवघड, त्याचें निदान अचूक मोजमाप तरी वेळींच करून ठेवावें, हाच या उद्योगाचा हेतु आहे.