करारस्वातंत्र्य कोणाचे?



व्यापारविषयक कायदा हा वकिलांचा आणि कंपन्यांच्या चिटणीसांचा प्रांत आहे, चळवळीच्या कार्यकर्त्याने त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही, असा समज आपल्याकडे रूढ आहे. हा समज महागात पडणारा आहे. कामगाराची मजुरी, ग्राहकाची फसवणूक, कारखान्यातील अपघाताची भरपाई हे प्रश्न अखेर ज्या नियमांनी निकालात निघतात, ते नियम याच कायद्यात असतात. या दृष्टीने अमेरिकेचा अनुभव विशेष अभ्यसनीय आहे. कारण भांडवलशाहीच्या कायदेशीर पायाविषयीचे वाद तेथे न्यायालयांत उघडपणे लढले गेले आणि त्यांची नोंद निकालपत्रांत राहिली.

प्रथम रचना पाहू. अमेरिकेत संघराज्याची एक आणि पन्नास राज्यांच्या पन्नास अशा न्यायव्यवस्था शेजारी शेजारी नांदतात. करार, मालमत्ता आणि कंपन्यांची स्थापना हे विषय मुख्यतः राज्यांकडे आहेत. इंग्लंडकडून वारशाने आलेला, न्यायाधीशांच्या पूर्वनिर्णयांतून घडलेला कायदा हा त्यांचा पाया. खासगी व्यवहारांच्या कायद्यात फ्रेंच व स्पॅनिश परंपरा जपणारे लुइझियाना तेवढे अपवाद. या सर्वांच्या वर राज्यघटना आहे आणि घटनेशी विसंगत कायदा रद्द ठरविण्याचा अधिकार १८०३ पासून न्यायालयांनी आपल्याकडे घेतला आहे. त्यामुळे लोकप्रतिनिधींनी केलेल्या कायद्यावर अखेरचा शब्द अनेकदा नऊ न्यायाधीशांचा असतो, आणि हे न्यायाधीश तहहयात नेमलेले असतात.

व्यापारी कायद्याचे पहिले तत्त्व करार हे होय. एकाने प्रस्ताव मांडावा, दुसऱ्याने तो स्वीकारावा, दोघांनी एकमेकांस काही मोबदला द्यावा, दोघे करार करण्यास पात्र असावेत आणि हेतू कायदेशीर असावा, एवढ्या अटी पुऱ्या झाल्या की करार बंधनकारक होतो. यातील मोबदल्याची अट ध्यानात घेण्याजोगी आहे. मोबदला आहे की नाही हे न्यायालय पाहते; तो पुरेसा आहे की नाही हे सामान्यतः पाहत नाही. दोन तुल्यबळ व्यापाऱ्यांमध्ये हा नियम रास्त वाटतो. परंतु एका बाजूस गिरणीमालक आणि दुसऱ्या बाजूस उद्याच्या भाकरीची भ्रांत असलेला मजूर असेल, तर हाच नियम गरजेलाच संमती मानून मोकळा होतो.

दुसरे तत्त्व कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती आहे हे. तिला मालमत्ता बाळगता येते, दावे लावता येतात आणि तिच्या कर्जासाठी भागधारकाला सामान्यतः आपल्या भागभांडवलापलीकडे तोशीस लागत नाही. १८१९ साली डार्टमथ कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संस्थेची सनद हाही एक करार मानला आणि न्यू हॅम्पशायरच्या विधिमंडळाला ती एकतर्फी बदलण्यास मनाई केली. पुढे १८६८ मध्ये चौदावी घटनादुरुस्ती झाली. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना संरक्षण देणे हा तिचा मुख्य हेतू होता. कोणाही व्यक्तीचे जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता रीतसर प्रक्रियेवाचून राज्याने हिरावून घेऊ नये, असे ती सांगते. १८८६ साली एका रेल्वे कंपनीच्या कराच्या खटल्यात, ही दुरुस्ती कंपन्यांना लागू आहे की नाही यावर युक्तिवाद ऐकण्याची आवश्यकता नाही, ती लागू आहेच, असे सरन्यायाधीशांनी सांगितल्याची नोंद निकालाच्या आरंभी छापली गेली. एवढ्या मोठ्या प्रश्नावर एकही कारण न देता हे गृहीत धरले गेले आणि पुढे त्याचाच आधार घेतला गेला.

ही दोन तत्त्वे एकत्र आली म्हणजे काय होते, याचे उदाहरण १९०५ चा लॉक्नर खटला. पावभट्ट्यांतील कामगारांकडून दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ तासांहून अधिक काम घेऊ नये, असा न्यूयॉर्क राज्याचा कायदा होता. तो मोडल्याबद्दल लॉक्नर नावाच्या भट्टीमालकाला पन्नास डॉलर दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा कायदा रद्द केला. मालक आणि कामगार यांना आपापसांत हवे तितके तास ठरविण्याचे स्वातंत्र्य घटनेने दिले आहे, हा त्यामागील तर्क. न्यायमूर्ती होम्स यांनी भिन्नमत नोंदवून बजावले की, घटना ही कोणत्याही विशिष्ट अर्थशास्त्रीय सिद्धान्ताला बांधलेली नाही. बहुमताला ते पटले नाही. १९२३ मध्ये वॉशिंग्टन शहरातील स्त्री-कामगारांच्या किमान वेतनाचा कायदाही याच तर्काने मोडीत काढला गेला.

हे चित्र पालटले ते १९३७ साली. वॉशिंग्टन राज्यातील एका हॉटेलात खोल्यांची साफसफाई करणाऱ्या एल्सी पॅरिश या स्त्रीने कायद्याने ठरलेले किमान वेतन, म्हणजे ४८ तासांच्या आठवड्यास साडेचौदा डॉलर, आणि प्रत्यक्ष मिळालेले वेतन यांतील फरक मागितला. पुन्हा पाच विरुद्ध चार; पण या वेळी कायदा टिकला. घटना करारस्वातंत्र्याविषयी काही बोलतच नाही, असे सरन्यायाधीश ह्यूज यांनी निकालपत्रात स्पष्ट केले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी न्यायाधीशांची संख्या वाढविण्याची धमकी दिली म्हणून न्यायालय वाकले, असे पुष्कळदा सांगितले जाते. वस्तुतः या खटल्यातील मते ती योजना जाहीर होण्यापूर्वीच, डिसेंबर १९३६ मध्ये, ठरली होती. परंतु महामंदी, बेकारांचे तांडे, संपांची लाट आणि १९३६ च्या निवडणुकीचा प्रचंड कौल हे सारे न्यायालयाच्या दाराबाहेर उभे होते, हे नाकारता येणार नाही. त्याच वर्षी कामगार संघटनांना मान्यता देणारा १९३५ चा वॅग्नर कायदाही न्यायालयाने वैध ठरविला. घटनेतील संबंधित शब्द १९०५ मध्ये होते तेच १९३७ मध्येही होते.

तथापि जिंकलेला मुलूख कायमचा आपला झाला, असे मानणे भोळेपणाचे ठरेल. १९२५ साली अमेरिकेत लवादाचा एक कायदा झाला होता. न्यायालये लवादाच्या करारांना जुमानत नसत, ही मुख्यतः व्यापाऱ्यांची तक्रार दूर करणे हा त्याचा हेतू होता. पुढील शतकात तोच कायदा ग्राहक आणि कामगार यांच्या करारांना लावला गेला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने, तेही पाच विरुद्ध चार मतांनीच, असा निर्णय दिला की, कामगाराने एकेकट्याने लवादापुढे जाण्याची अट मान्य केली असेल, तर थकलेल्या वेतनासाठी त्याला सहकाऱ्यांबरोबर सामूहिक दावा लावता येणार नाही. थोडक्या रकमेसाठी एकटा माणूस मोठ्या कंपनीशी किती काळ झगडणार? ती अट मान्य केल्यावाचून नोकरी मिळत नाही, ही गोष्ट करारस्वातंत्र्याच्या जुन्या व्याख्येत पुन्हा झाकली जाते.

या कायद्याची झळ अमेरिकेच्या सीमेपाशी थांबत नाही. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायूने हजारो माणसे मेली. कारखाना चालविणाऱ्या भारतीय कंपनीत युनियन कार्बाइड या अमेरिकी कंपनीचे ५०.९ टक्के भाग होते. तरीही ती कंपनी निराळी व्यक्ती आहे, असा मूळ कंपनीचा पवित्रा राहिला. भारत सरकारने अमेरिकेत लावलेला दावा १९८६ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने, सुनावणीसाठी भारतातील न्यायालयेच अधिक सोयीची आहेत, असे सांगून काढून टाकला. पुढे भारतात तीन अब्ज डॉलरांहून अधिक रकमेची मागणी झाली. १९८९ मध्ये तडजोड झाली ती ४७ कोटी डॉलरांवर. नफ्याच्या वाटपात एक असलेल्या दोन कंपन्या जबाबदारीच्या वेळी दोन झाल्या.

तेव्हा कायदा म्हणजे केवळ धनिकांचे हत्यार, असे म्हणून पाठ फिरविणे चुकीचे. पॅरिशबाईंना न्याय मिळाला तो कायद्यानेच. आणि कायदा निःपक्षपाती आहे, असे मानून स्वस्थ बसणेही तितकेच चुकीचे. कोणताही करार समोर आला की कार्यकर्त्याने तीन गोष्टी तपासाव्यात. दुबळ्या बाजूला नकार देणे खरोखर शक्य होते काय? नुकसान झाले तर भरपाई कोणाच्या तिजोरीतून येईल? आणि तंटा कोठे, कोणासमोर चालेल? यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा कराराच्या अखेरच्या पानावर बारीक अक्षरात असते. सही होण्यापूर्वी ते पान कामगारांना वाचून दाखविणे, हे काम सभेतील भाषणाइतकेच महत्त्वाचे आहे.