अंगठा घेण्याआधी



मला आज एका कागदाविषयी बोलायचं आहे. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी रुग्णापुढे जो सरकवला जातो, तो संमतीपत्राचा कागद. बऱ्याच ठिकाणी तो इंग्रजीत असतो, बारीक अक्षरातला, झेरॉक्सची झेरॉक्स काढून फिकट झालेला. बाई म्हणते, "चष्मा घरी राहिला." तिला चष्मा कधी लागलेलाच नसतो. आपण डॉक्टर-परिचारिका घाईत असतो. शाईचा पॅड पुढे येतो, अंगठा उमटतो, खाली साक्षीदार म्हणून वॉर्डातल्याच कुणाची तरी सही होते. फाइल पूर्ण झाली. उद्या आपल्या पोटातून काय काढणार आहेत, हे मात्र त्या बाईला ठाऊक नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. काय होणार आहे, हे रुग्णाने स्वतःच्या शब्दांत सांगितल्याशिवाय घेतलेल्या अंगठ्याला आपण संमती म्हणू नये.

वाचता न येणारा माणूस म्हटलं की आपल्यापुढे बदलापूरच्या आसपासच्या वाड्यांमधली ठाकूर किंवा कातकरी बाई उभी राहते. उल्हासनगरात चित्र याहून गुंतागुंतीचं आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांनी हे शहर वसवलं. 1949 साली त्याला उल्हासनगर हे नाव मिळालं. त्या पिढीतले आजोबा अरबी लिपीतली सिंधी सफाईने वाचायचे, हिशेबाच्या वह्या लिहायचे. रुग्णालयातल्या इंग्रजी फॉर्मपुढे त्यांच्या वाचनाचा काडीचा उपयोग नव्हता. आज जीन्सच्या कारखान्यांत शिवणारा उत्तर प्रदेशातला कारागीर आणि अंबरनाथच्या एमआयडीसीतला कंत्राटी कामगार त्याच जागी उभे आहेत. तेव्हा फॉर्म वाचता येत नाही म्हणजे अक्षरओळख नाही, आणि अक्षरओळख नाही म्हणजे समज नाही, हा हिशेब पहिल्या पायरीलाच चुकतो.

बदलापूर स्टेशनबाहेर भाजी विकणारी बाई पाहा. पाटी वाचता येत नसली तरी तिची लोकल चुकत नाही. उधारी तोंडपाठ असते. बचत गटाच्या कर्जावर व्याज किती होतं, ते ती आपल्याआधी सांगते. तिला "गुंतागुंतीचं प्रमाण दोन टक्के" म्हटलं तर ती गप्प बसेल. "शंभर बायकांचं ऑपरेशन केलं तर दोघींना त्रास होतो" म्हटलं, तर लगेच विचारेल, "आणि नाही केलं तर किती जणींना होतो?" हाच तर प्रश्न विचारायला हवा होता! जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून जे काम उभं केलं, ते तर अक्षरओळख नसलेल्या खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका करूनच. बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग यांत काय करायचं, ते या बायकांनी शिकून घेतलं आणि गावाला शिकवलं. पुस्तकावाचून हे जमतं, याचा पुरावा महाराष्ट्रात पन्नास वर्षं डोळ्यांपुढे आहे.

कायदाही आपल्या आजच्या पद्धतीच्या बाजूचा नाही. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2008 मध्ये निकाल दिला. तपासणीसाठी भूल दिलेल्या महिलेचं गर्भाशय तिच्या आईची संमती घेऊन काढलं गेलं होतं. न्यायालयाने ती संमती मानली नाही. रुग्ण सज्ञान आहे, जीव धोक्यात नाही, तर निर्णय तिचाच. उपचार कोणता, कशासाठी, दुसरा पर्याय कोणता, धोका कोणता आणि नकार दिला तर काय होईल, हे तिला सांगायलाच हवं. ही बाई तर शिकलेली होती. न शिकलेल्यांचं काय होतं, ते बीड जिल्ह्याने दाखवलं. ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांचा तपास करायला 2019 मध्ये शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या 82,309 महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कॅन्सर होईल ही भीती त्यांतल्या अनेकींच्या मनात घातली गेली होती. कागदावर त्यांचेही अंगठे आणि सह्या असणारच.

मला एक विसंगती फार टोचते. नव्या औषधाच्या चाचणीत वाचता न येणारा माणूस सहभागी होणार असेल, तर 2019 च्या नियमांनुसार संमती घेताना पूर्ण वेळ निःपक्ष साक्षीदार हजर लागतो. रोजच्या ऑपरेशनला मात्र वॉर्डबॉयची सही चालून जाते. महाराष्ट्रात 2021 पासून खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. नियम चांगला आहे. पण ज्याला वाचता येत नाही त्याला ती सनद कोण वाचून दाखवणार? ते काम कुणाच्या तरी नावावर टाकायला हवं.

साक्षीदाराइतकाच दुभाष्याचाही प्रश्न आहे. सातवीतली मुलगी आईचा सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचते आणि आईला गर्भाशयात गाठ आहे हे मुलीच्या तोंडून कळतं. लेकराकडून हे काम करून घेणं क्रूर आहे. आशाताईला किंवा सरकारी आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला बोलवा, त्याच भाषेतली एखादी परिचारिका शोधा. "इथे जमणार नाही, कळव्याच्या रुग्णालयात न्या, नाहीतर सायनच्या," असं सांगतानाही घरच्यांसाठी दोन मिनिटं काढा: का न्यायचं, तिथे काय होणार, योजनेत बसतं का.

औषधविक्रेत्यांनाही विनंती आहे. चार गोळ्या हव्यात म्हणून तुम्ही पट्टी कात्रीने कापता, तेव्हा नाव आणि मुदतीची तारीख बहुतेक वेळा दुसऱ्या तुकड्यावर राहते. काही जण पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून देतात, किती वेळा घ्यायची त्या रेघा मारतात. ही साधी रीत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांत सगळ्या दुकानांनी उचलावी. बीपीची आणि शुगरची गोळी दोन्ही पांढऱ्या आणि गोल असल्या, तर आजीने फरक कसा ओळखायचा?

प्रौढ वर्गातल्या शिक्षकांनी नाव गिरवून घेण्याच्या जोडीला केसपेपर, गोळ्यांची पट्टी आणि संमतीपत्र वर्गात आणावं. शिकणाऱ्याला ज्या कागदाची भीती वाटते, तोच त्याचा धडा होऊ द्या.

आणि डॉक्टरांनो, "समजलं का?" हा प्रश्न उद्यापासून सोडून द्या, त्याला उत्तर नेहमी "हो" असंच येतं. त्याऐवजी विचारा, "घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?" उत्तर चुकलं तर पुन्हा सांगा, बरोबर आलं तरच शाईचा पॅड पुढे करा.