पुढल्या वर्षीची इंग्रजी

(मंडळाच्या पालकसभेत केलेले भाषण)



इंग्रजीवर बोलण्याचा माझा अधिकार बेताचाच आहे. मी साधा बी. ए.; केंद्र सरकारच्या नोकरीत फायलींवर शेरे लिहिण्यापुरती ती भाषा हाताशी आली, इतकेच. तरीही कार्यवाहांनी हा विषय माझ्या गळ्यात घातला, कारण आमच्या घरी घडलेली एक गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. तीच आपल्यापुढे ठेवतो.

माझी पुतणी तेव्हा दुसरीत होती. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी अशी तिची त्रिस्थळी यात्रा. जबलपुरातल्या आपल्या पुष्कळ मुलांची तीच आहे. तिसरीत इंग्रजी जड जाईल, तेव्हा आतापासून घरी इंग्रजीतच बोला, असा सल्ला शाळेतून मिळाला. घरातला अधिकारी मी, म्हणून अंमलबजावणी माझ्याकडे आली. जेवताना मराठी बंद! पण माझी इंग्रजी पडली कचेरीतली. 'काइंडली फिनिश युवर राइस' असे मी म्हणावे आणि पोरीने नुसते माझ्या तोंडाकडे पाहावे. दोन महिन्यांत तिची इंग्रजी तर वाढली नाहीच, बोलणे मात्र आटले. एका रात्री ऐंशीच्या घरातल्या माझ्या आईने विचारले, "अरे, पोर माझ्यावर रागावली आहे का? हल्ली माझ्याशी बोलतच नाही."

मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी मी हुकूम मागे घेतला.

मग थोडे वाचन केले. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली असे मांडले की, पहिल्या भाषेत कमावलेली वाचनाची व विचाराची शक्ती दुसऱ्या भाषेच्या कामी येते. अर्थात ती दुसरी भाषाही पुरेशी कानी पडली पाहिजे. आपल्याकडील २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही, शक्य असेल तेथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा हेच माध्यम असावे, असे म्हटले आहे. म्हणजे आमच्या आईला गप्प बसवून आम्ही घरातली शिक्षिकाच बडतर्फ केली होती.

नवी व्यवस्था अशी ठरली की, रोज वीस मिनिटे इंग्रजी आणि तीही आजीच्या खोलीत. आजीने मराठीत गोष्ट सांगायची, नातीने ती तीन-चार इंग्रजी वाक्यांत परत सांगायची. येथे एक मौज झाली. इंग्रजीतले 'अ' आणि 'द' कोठे घालावेत, हे मला कधी धड समजावता आले नव्हते, कारण मराठीत तसे शब्दच नाहीत. पण गोष्टीत 'एक होता राजा' असे येते आणि पुढच्या वाक्यात तो नुसता 'राजा' होतो. पहिला 'अ किंग', दुसरा 'द किंग'. पोरीला हे एका संध्याकाळी उमगले. मला त्याला पन्नाशी उलटावी लागली.

दुसरा प्रसंग स्पेलिंगचा. 'नाइफ' शब्दात आरंभीचा 'के' कशाला, म्हणून ती रडकुंडीला आली. मी सांगितले की, इंग्रज लोक एके काळी तो 'के' खरोखर उच्चारीत. १४७६ साली कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना आणला, लेखन हळूहळू ठरून गेले आणि उच्चार मात्र बदलत राहिले. तिला ते पटेना. तेव्हा आईने ट्रंकेतून आपल्या वडिलांची जुनी पत्रे काढली. त्यांत 'नांव', 'पांच', 'कांहीं' असे अनुस्वार जागोजाग दिलेले! १९६२ च्या नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार आपण काढून टाकले. इंग्रजांनी आपला 'के' ठेवला. "आजी, तुमच्याकडेपण सायलेंट होतं!" असे म्हणून पोर हसत सुटली.

चुकांविषयी एवढेच सांगतो की, वाक्य मध्येच तोडू नये. एकदा ती म्हणाली, 'आय गोड टु ग्वारीघाट.' हे मराठी 'गोड' नव्हे. 'गो'ला भूतकाळाचा प्रत्यय तिने आपल्या बुद्धीने लावला होता. नियम कळल्याचीच ती खूण. मी फक्त म्हणालो, 'ओ, यू वेंट टु ग्वारीघाट?' पुढच्या आठवड्यात 'वेंट' आपसूक आले.

पुढल्या इयत्तेचे पुस्तक आधीच आणून पाठ करून घेण्याची आपल्याकडे हौस असते. ती मला पसंत नाही. मूल शाळेत जाऊन कंटाळते, आणि अडते ते मागच्याच पुस्तकात. एनसीईआरटीचे दुसरीचे इंग्रजी पुस्तक 'मृदंग' आणि तिसरीचे, २०२४ पासूनचे, 'संतूर'. (इंग्रजीच्या पुस्तकांना ही नावे, हेही एक नवलच!) आम्ही सुटीत 'मृदंग'च पुन्हा मोठ्याने वाचले आणि 'संतूर'ची नुसती चित्रे पाहिली.

आता ती तिसरीत आहे. गुण मध्यमच आहेत. पण वर्गात हात वर करते, असे बाई सांगतात. आईने मात्र अजून 'द'चा नाद सोडलेला नाही. परवा तिने विचारले, "नुसते नर्मदा म्हणायचे, की 'द' नर्मदा?" मी म्हटले, "इंग्रजीत नद्यांच्या नावाआधी 'द' लावतात." ती म्हणाली, "बरोबरच आहे. ती काय पहिल्यांदा भेटते आहे?"